कधीही न जाणारी लाइन

चौलजवळच्या त्या कोळीवाड्यात सकाळचे ऊन एकदम येत नाही. ते थांबत थांबत, जणू प्रत्येकाची परवानगी घेत येते. आधी सुपारीच्या शेंड्यांवर ते थोडे रेंगाळते. मग झावळ्यांतून गाळलेले दोन-चार कवडसे विहिरीच्या कठड्यावर उतरतात आणि तिथल्या ओल्या शेवाळावर उगाचच हिरवे होऊन बसतात. तिथून ते बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांपाशी येते आणि एकेका बोंबलाला क्षणभर चांदीचा करून सोडते. वास मात्र बोंबलाचाच राहतो! शेवटी मच्छीमार सोसायटीच्या हॉलच्या पूर्वेकडील खिडकीतून ते आत शिरते, जुन्या सतरंजीवरून सरकत भिंतीपर्यंत पोहोचते आणि तिथल्या लाल खोक्याच्या काचेवर थबकते.

त्या खोक्यासमोर भावेश उभा होता. आग लागली तर भोंगा वाजवणाऱ्या त्या यंत्रणेची वीजजोडणी हे त्याने स्वतःच्या परवान्यावर केलेले पहिले काम. आज तपासणी अधिकारी सुचिता मॅडम येणार होत्या. त्यांनी जोडणी ठीक असल्याचा भावेशचा दाखला मान्य केला, की हॉल वापरायला मोकळा. परवा नीराबाईच्या लेकीची, केसरची हळद याच हॉलमध्ये होती. दाखला फेटाळला गेला तर हॉलला टाळे आणि हळदीची दोनशे माणसे रस्त्यावर!

भावेशला काळजी नव्हती. दाखल्यावर त्याने मोत्यांसारख्या अक्षरांत लिहिले होते, 'या पुरवठ्यावर सदर यंत्रणेखेरीज अन्य कोणताही भार नाही.' हे वाक्य त्याला इतके आवडले होते, की रात्री झोपण्यापूर्वी त्याने ते दोनदा वाचले होते.

अशा यंत्रणेची वीज मेन स्विचच्या आधीच घ्यायची असते. म्हणजे हॉलची सगळी वीज बंद केली तरी भोंग्याची चालू राहते. भावेश इतका लाजाळू, की एसटीत आपला थांबा आल्याचे सांगायला संकोचून पुढच्या थांब्यावर उतरे आणि चालत मागे येई. पण या एका गोष्टीविषयी तो वाडाभर बोलला होता. "जगबुडी आली तरी ही लाइन जायची नाही!" कोळीवाड्याने ते लक्षपूर्वक ऐकले होते. फारच लक्षपूर्वक!

मॅडम पावणेआठलाच आल्या. हातात पॅड, कानामागे पेन आणि चेहऱ्यावर गणिताच्या पेपरासारखी शांतता.

"मेन बंद करा."

खट्! पंखे मंदावत थांबले, ट्यूबलाइट विझल्या. खोक्यावरचा हिरवा दिवा तेवढा तेवत राहिला, विझल्या घरात एकट्याने जागणाऱ्या माणसासारखा. भावेशने त्याच्याकडे बोट दाखवले.

"दिसतोय ना, मॅडम? एकटाच."

"एकटा नाही. ही घुरघुर कसली?"

"समुद्र असेल."

"समुद्र स्वयंपाकघरात आहे का तुमचा?"

स्वयंपाकघरात पिंपाएवढा फ्रीजर सुखाने घुरघुरत होता. शेजारी स्टुलावर बसून नीराबाई लसूण सोलत होती.

"नीराबाई, हा चालू कसा?" भावेशने विचारले.

"चालू नको का मंग? परवा हालद हाय! सुरमय काय तुज्या खिशात ठेवू?"

"पण मेन बंद आहे!"

"मेनचा नी माजा काय संबंद? चेरमन सदाभाऊ रोज सांजचा मेन पाडतो नी माजी मावरी नासतान. तूच बोल्लास ना, ही लाइन कदी जात न्हाय?"

मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिले. भावेशला सांगायचे होते, की हा एकच अपवाद, एक निरागस, शीतल अपवाद. तेवढ्यात घड्याळात आठ वाजले.

धडाड धूम! ठण ठण! धडाड धूम!

हॉलला लागूनच असलेल्या देवळातले विजेवर चालणारे नगारा-घंटायंत्र पूर्ण भक्तिभावाने सुरू झाले होते. भावेश खिडकीपाशी धावला.

"काळूराममामा! वीज कुठून आली?"

देवळाचे गुरव काळूराम आरतीचे ताट ओवाळता ओवाळता ओरडले, "नीराबाईच्या फ्रीजरमागून! देवाचं काम हाय, त्यात कसला भार?"

"भार नाही म्हणतात," मॅडम म्हणाल्या आणि तेही लिहून घेतले.

मग त्यांनी सरळ भोंग्याच्या लाइनचा लाल स्विचच खाली पाडला. नगाऱ्याची काठी वरच्या वर थिजली. फ्रीजरने सुस्कारा सोडला. लाल खोके स्वतःच्या बॅटरीवर जाऊन टीक टीक करू लागले. आणि देवळाच्या पलीकडून सिंहाने डरकाळी फोडावी तसा आवाज आला.

"कोन हाय रं तो?"

सोसायटीचे चेअरमन सदाभाऊ हॉलमध्ये शिरले. गळ्याला पांढरा कपडा, डाव्या गालावर दाढी, उजव्या गालावर नाही. अमावास्या नि पौर्णिमा एकाच मुखावर! मागून दादू न्हावी मेलेले मशीन हातात घेऊन आला.

"लाइन गेलीच कशी? जायचीच न्हवती ना?" सदाभाऊ गरजले. मग त्यांना मॅडम दिसल्या. त्यांनी दाढीचा गाल भिंतीकडे वळवला. "नमस्कार मॅडम."

"दादू, तूसुद्धा?" भावेश कळवळला.

"मी हॉलची घेतली न्हाय हां! मी देवलाची घेतली."

"देवळाने नीराबाईची घेतली," मॅडम म्हणाल्या. "नीराबाईंनी कुणाची घेतली ते पाहू."

सगळी वरात तारेमागून निघाली. भावेशचे डोके जाळ्यात सापडलेल्या खेकड्यासारखे आडवे-तिडवे पळत होते. त्याने घातली होती एकच तार. तिला एवढी नातवंडे झाली कधी? तार फ्रीजरमागून निघाली, भिंतीवर चढली, दारावरून वळली आणि लाल स्विचच्या बरोबर खाली, एका स्वच्छ पांढऱ्या सॉकेटपाशी येऊन थांबली.

"हे सॉकेट कुणी बसवलं?"

मॅडमनी विचारले. भावेशच्या मनाने सगळे संशयित तपासले. आधीचा वायरमन, हॉल रंगवायला आलेले रंगारी, चक्रीवादळ, उंदीर. एका माणसाच्या घरी मात्र ते मन काही केल्या जात नव्हते.

"कोणी अडाण्याने बसवलं असेल," तो पुटपुटला.

नीराबाईने त्याच्याकडे पाहिले. मग हातातला लसूण खाली ठेवला. "मी बसवलं."

"तुम्ही?"

"व्हय. कोयतीनं."

"तारा कशा जोडल्या?"

"हातानं! जालं विनतान तशा!"

मॅडम हसल्या नाहीत. "मग मला लिहावं लागेल, की हॉल वापरणारेच बेकायदा जोडणी करतात. अशांना परवा हॉल देता येणार नाही."

नीराबाईचा चेहरा उतरला, पण शब्द तिने मागे घेतला नाही. भावेशचे कान तापलेल्या तव्यासारखे झाले.

"मॅडम," तो म्हणाला, "कोयतीने सॉकेट बसत नाही."

"ते मलाही माहीत आहे." त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे केला. "जोडण्या काढा. माझ्यासमोर पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर मी सही करते आणि हळद इथेच होईल. पण पहिला दाखला चुकीचा का ठरला, ते कारण या रकान्यात लिहायचं. तुमच्या अक्षरात."

तासाभरात सॉकेट निघाले. सुरमई बर्फाच्या पेटीत गेली, काळूराममामांनी घंटा हाताने वाजवली आणि सदाभाऊंची उरलेली दाढी वस्तऱ्याने उतरली. मेन पुन्हा बंद केला. हिरवा दिवा खरोखर एकटा राहिला. उरला तो रकाना.

भावेशने लिहिले, 'काही अपरिहार्य परिस्थितीमुळे.' खोडले. 'अज्ञात व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे.' खोडले. 'मानवी संबंधांच्या गुंतागुंतीमुळे' हे तर त्याला फार आवडले. पण मॅडम खांद्यावरून वाचत होत्या, म्हणून तेही खोडले.

पंधरा दिवसांपूर्वी नीराबाई त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. "एकच सॉकेट दे रं बाला," म्हणाली होती. नाही म्हणायचे तर तोंड उघडावे लागले असते. मान हलवणे सोपे होते. दाखला लिहिताना मेन पाडून पाहणे तर त्याहूनही अवघड, कारण काय दिसेल ते त्याला ठाऊक होते.

खोडाखोडीच्या खाली बोटभर जागा उरली होती. त्याने त्यात मोत्यांसारख्या नसलेल्या अक्षरांत लिहिले,

'सॉकेट मीच बसवले होते.'