खिल्लारे सरांचा अंगठा

खिल्लारे सर कोणतंही दार कोपराने उघडत. कपाचा कान धरून उचलायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. दोन्ही तळव्यांत कप दाबून ते चहा पीत. कुणी शेकहँडला हात पुढे केला की हे लांबूनच जयभीम किंवा नमस्कार, समोर जो असेल त्याप्रमाणे, घालून मोकळे. या माणसाला जंतूंचा वहम आहे, असं आम्ही दवाखान्यातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा परभणीतल्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायचो. सर तिथले फिजिओथेरपिस्ट. हा शब्द पेशंटांच्या तोंडात बसत नसे, म्हणून ते सरांना 'मास्तर' म्हणायचे. व्यायाम करून घेताना सर पाढे म्हटल्यासारखे मोठ्याने आकडे मोजत, त्यामुळे ते नाव शोभायचंही. कुणी चुकून 'मालिशवाले' म्हणालं तर मात्र त्याची धडगत नव्हती. त्याला पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत, मणका न् मणका ऐकून घ्यावा लागे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "कंबर म्हंजे दाराची बिजागरी न्हाई! गुडघ्यातून वाका!" झाडूवाली बाई असो, पाण्याची घागर उचलणारी माझी बायको असो, नाहीतर पेन पडलं म्हणून खाली वाकलेले डॉक्टर असोत, हे वाक्य कुणालाच चुकलं नाही.

माझ्या बसण्यावर तर त्यांचा खास डोळा होता. "कुलकर्णी, असे मुटकुळं करून काय बसायलाव? मान हाय का गाठोडं?" असं म्हणून एक दिवस त्यांनी माझ्या टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या आणि खुर्चीच्या पाठीला फळी बांधली. तीन दिवस मी फोटोला बसल्यासारखा बसलो. चौथ्या दिवशी ते रजेवर होते, तेव्हा फळी काढून कपाटामागे टाकली. पुढे त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी सरळ व्हायचो आणि आवाज लांब गेला की पुन्हा सैल सोडायचो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरानवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकली. मांडवातून हाळी आली, "गुडघ्यातून!" भटजी दचकले. नवरदेव बिचारा गोंधळून मुंडावळ्यांसकट मटकन खाली बसला आणि उपरण्याची गाठ शालूला असल्याने माझी बहीणही त्याच्या मागोमाग. वडील इतके रागावले की सरांना जेवायला वाढू देईनात. मेहुण्यांचे गुडघे आजही उत्तम आहेत, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे.

त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघायचे. सर रजा टाकून मोर्चात जात, घसा बसेपर्यंत घोषणा देत आणि दोन घोषणांच्या मधे पुढच्याला सांगत, "झेंडा एकाच खांद्यावर नका धरू. दर शंभर पावलाला खांदा बदला."

मी एकदा त्यांची थट्टा केली, "सर, निदान मोर्चात तरी लोकांना हवं तसं चालू द्या."

ते हसले नाहीत. "माज्या मायनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदलं," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तिला समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय दिसायचे. आमच्या घरात लय वाकून झालंय, कुलकर्णी."

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कपाटामागची फळी काढून मी स्वतःच खुर्चीला बांधली.

एकदा शिबिरासाठी आम्ही दोघे एसटीने सेलूला निघालो होतो. देवगाव फाट्यावर गाडी थांबली. एक हमाल भुसाराचं पोतं कंबरेतून वाकून उचलत होता. झालं, सर खाली उतरले. "बाजूला व्हा, तुमाला दाखवतो." गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, पोतं छातीशी घेतलं, अगदी पुस्तकात असतं तसं उचललं, आणि तिथेच पुतळा झाले. पाठ धरली होती. पोतं हमालाने काढून घेतलं. सर सावकाश जमिनीवर उताणे झाले, पाय चहाच्या हॉटेलच्या बाकड्यावर ठेवले आणि जमलेल्या लोकांना सांगू लागले, "पाठ धरली तर घाबरायचं न्हाई. असं पडायचं. पाय असे वर."

आमची गाडी गेली. दुसरी आली, तीही गेली. प्रत्येक गाडीतून नवीन लोक उतरत आणि सर त्यांना तोच धडा नव्याने देत. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा कानात म्हणाले, "कुलकर्णी, मला उठवा. पण उठवायलाव असं दिसू देऊ नका."

परत येताना त्यांनी मला शपथ घातली. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या बड्या डॉक्टरांना यातलं काही कळता कामा नये. बड्या डॉक्टरांना मोडक्या खाटा ठेवायला जागा हवी होती आणि व्यायामाच्या खोलीवर त्यांची नजर होती. मास्तरच दुखणेकरी आहे असं कळलं असतं तर सरांना स्टोअरमध्ये बसवून त्यांनी खोलीला कुलूप घातलं असतं. लांबलांबून लकव्याचे पेशंट यायचे, ते मग कुठे जाणार?

अशातच पेडगावच्या कौसाबाई आल्या. मोठ्या शेतकरी घरातली म्हातारी, लकव्याने उजवा हात गेलेला. सरांनी पिळायला ओलं फडकं दिलं, ते तिने खाली टाकलं. दाबायला रबरी चेंडू दिला, तोही टाकला. "काय करायचाय हात?" ती म्हणाली. "सुना कशालाच हात लावू देत न्हाईत. मी पिळलं काय आन् न्हाई पिळलं काय."

सर तिच्याजवळ बसले. मग आपला उजवा हात त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. "मावशी, माजा ह्यो अंगठा लय ठणकायलाय. जरा दाबून देता का?"

म्हातारीने हाताकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लुळ्या बोटांनी अंगठ्याचं मूळ चाचपू लागली. सर मोजू लागले, "एक... दोन..."

आठवड्यातून दोनदा हा कार्यक्रम चालायचा. दोन-अडीच महिन्यांत कौसाबाई त्याच हाताने लुगड्याचा ओचा खोचायला लागल्या. सरांनी त्यांचं येणं बंद केलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "काय नाटक वठवलं आमच्या सरांनी! नाटक मंडळीत असते तर नाव काढलं असतं."

पुढच्या आठवड्यात दुपारी एकला दवाखाना सुटला. सर खोलीच्या दाराशी पाठमोरे उभे होते. त्यांनी किल्ली दोन्ही तळव्यांत धरली होती आणि ते सबंध अंगाने ती फिरवत होते. कुलूप काही लागत नव्हतं.

मी किल्ली घेतली आणि कुलूप लावलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपराने उघडलेली दारं, तळव्यांतला कप, लांबूनच केलेले नमस्कार.

"किती वर्षं झाली, सर?"

"सहा. लोकांच्या पाठी दाबून दाबून सांधा गेलाय." ते हाताकडे बघत होते. "इलाज मला माहीत हाय. विश्रांती. पण दाराशी चाळीस माणसं बसलेली असतात."

"म्हणजे कौसाबाईंना तुम्ही..."

"खरंच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला खोटं वळखू येतं, कुलकर्णी." मग म्हणाले, "बरं वाटायचं हो."

सरांचं लग्न झालं नव्हतं. माय जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा हात हातात घेणारं घरात कुणी नव्हतं, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला.

मंगळवारी खिडकीसमोर कौसाबाई उभ्या. पेडगावहून एकट्या आल्या होत्या.

"काय होतंय, मावशी?" मी विचारलं.

"मला कुटं काय होतंय?" त्या म्हणाल्या. "मास्तरचा अंगठा ऱ्हायलाय न्हवं अजून. केसपेपर फाड."

मी इकडेतिकडे पाहिलं. बडे डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. "मावशी, सरांच्या नावाने केसपेपर काढता येणार नाही."

"तर माज्या नावानं फाड की. दुखणं तेवढं त्याचं लिव्ह."

मी लिहिलं. नाव, कौसाबाई. गाव, पेडगाव. तक्रार, उजव्या हाताचा अंगठा.

काम उरकल्यावर मी व्यायामाच्या खोलीत डोकावलो. कौसाबाई स्टुलावर बसून दाबत होत्या आणि आकडेही आता त्याच मोजत होत्या, मधले दोन-तीन गाळून. सर बाकावर डोळे मिटून बसले होते. खांदे पडलेले, मान छातीवर, पाठ पार कमानीसारखी वाकलेली.

मी दार हळूच लावून घेतलं.