तीन दरपत्रकं आणि आप्पांचा आवाज

आईसाठी फोन घ्यायचा तर तीन दरपत्रकं मागवायची, असं मी ठरवलं आणि तिथंच माझं चुकलं. पण सरकारी कारकुनाला दुसरं काही सुचत नाही. तेवीस वर्षं मी साताऱ्याला पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळतो. आमच्याकडे टाचण्यांचा डबासुद्धा तीन दरपत्रकं आणि एक तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय येत नाही. (तोवर टाचण्यांचं काम संपलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.) लग्नाच्या वेळीही मी तीन स्थळांचा तक्ता केला होता. माझी बायको चंदना त्यात दुसरी आली होती. हे मी तिला एकदा लाडात येऊन सांगितलं, तेव्हापासून घरात कागद आणि पट्टी घेऊन बसलो की ती उठून जाते.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील तवनाप्पा, गेल्या श्रावणात गेले. सांगलीजवळच्या गावात आई एकटी कशी राहणार, म्हणून मी तिला साताऱ्याला घेऊन आलो. येताना तिनं जपमाळ आणली, साखरेच्या गोळ्या आणल्या आणि आप्पांचा जुना फोन आणला.

त्या फोनात कार्ड नव्हतं. आप्पा गेल्यावर मीच अर्ज करून ते बंद केलं होतं. (पोच माझ्याकडे आहे.) काचेला तडा, स्पीकर बसलेला, बॅटरी पुरीसारखी फुगलेली. तरी रोज दिवस कलला की आई देवघरातून तो फोन उचलायची, कानाला लावायची आणि मान किंचित तिरकी करून ऐकायची. मग म्हणायची, "व्हय, ताट घेतलंय." आणि फोन खाली ठेवून जेवायला बसायची.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या कपातला चहा बशीत आला. चंदनाकडे बघितलं तर ती मान खाली घालून भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मी महिनाभर बघतेय. तुम्ही काही बोलू नका."

मी बोललो नाही, त्याला कारण होतं. आम्ही जैन. आई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाही. त्यात तिला साखर. संध्याकाळचं जेवण हुकलं तर दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत उपाशी, मग घाम, गरगरणं आणि दवाखाना. गावाकडे हे दोनदा होऊन गेलं होतं आणि तिसऱ्यांदा झालं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यामुळे ती वेळेवर जेवते यात मी समाधान मानलं, आणि कोणाशी बोलून जेवते ही फाईल बंद केली.

जानेवारीत बॅटरी इतकी फुगली की फोनचं पाठीमागचं झाकण उघडून आलं. आई ते दोरा गुंडाळून वापरायला लागली. घरात स्फोट होण्यापेक्षा खर्च परवडला, म्हणून मी कागद आणि पट्टी काढली.

पोवई नाक्याजवळ शिवतेजचं मोबाईलचं दुकान आहे. पोरगा मूळचा मेढ्याकडचा आणि बोलायला मोकळा. तीन कंपन्यांची दरपत्रकं लेखी दे म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

"काका, फोन किती घ्यायचेत?"

"एक."

"मग एवढं टेंडर कशाला काढताय? आवडंल तो उचला की."

मी त्याला शिक्क्यासह दरपत्रकं द्यायला लावली. फर्म क्रमांक एक, मोठ्या नावाची, दर बावीस हजार. फर्म क्रमांक दोन, साडेनऊ हजार. फर्म क्रमांक तीन, नवीनच आलेली, तेरा हजार आणि वर एक छत्री मोफत. तक्त्यात रकाने पाडले: दर, बॅटरी, आवाज, वॉरंटी, विश्वासार्हता, शेरा.

विश्वासार्हतेसाठी ऑफिसात चौकशी केली. साहेबांकडे फर्म एकचा फोन होता. त्यांनी तो दोन हातांनी धरून दाखवला, पण माझ्या हातात दिला नाही. जीपवरचा हरिबा फर्म दोनवाला. तो म्हणाला, "माझा तर कालव्यात पडला हुता, भाऊसाहेब. पाण्याचं आवर्तन संपल्यावर घावला. वाळवला, चालू केला, तर अकरा मिस्ड कॉल. सगळे बायकोचे." एवढ्या पुराव्यावर मी फर्म दोनला विश्वासार्हतेत पूर्ण गुण दिले. दरही सर्वांत कमी. स्वतःच मंजुरीची सही केली.

शनिवारी शिवतेजनं जुन्या फोनमधलं सगळं नव्यात घालून दिलं. मी तो देवघरात जुन्या फोनशेजारी ठेवला आणि पेपर वाचत बसलो. आई तांदूळ निवडत होती. यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला ऊन उतरत चाललं होतं, घरात अजून दिवा लावलेला नव्हता. पाच चव्वेचाळीसला देवघरातून आवाज आला.

"ऊठ गं. ताट घे. दिवस बुडाय लागलाय. माझी वाट बघू नको."

आवाज आप्पांचा होता. शेवटी घसा खाकरायची सवयसुद्धा त्यांचीच. माझ्या हातातला पेपर हलायला लागला आणि तो वाऱ्याने हलतोय, असं मी स्वतःला सांगितलं. (खिडक्या बंद होत्या.) आईच्या हातातलं सूप खाली आलं. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "व्हय, ताट घेतलंय." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी इतका घाबरलो होतो की तिला काय झालं हे विचारायचं मला सुचलं नाही, याची अजूनही लाज वाटते.

रविवारी पुन्हा तेच. सोमवारी मी फोन घेऊन दुकानात हजर.

"हा परत घे. यातून आवाज येतोय."

"फोनमधनं आवाज येणारच की, काका."

"माझ्या वडिलांचा येतोय."

"मग बोला की त्यांच्याशी."

"ते श्रावणात वारले."

शिवतेजनं फोन हळूच काउंटरवर ठेवला आणि हात पँटला पुसला. "रेंज लय चांगली हाय म्हणायची," तो म्हणाला, पण हसला नाही. फोन बदलून द्यायला मात्र लगेच तयार झाला, आणि तो ग्राहकसेवेमुळे झाला असं मला वाटत नाही.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं, "घरगुती तांत्रिक अडचण." आता फर्म तीन, जुन्यातलं सगळं शिवतेजनं पुन्हा त्यात घालून दिलेलं. या वेळी मी सावध होतो. आई अंगणात असताना फोन ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात खोल पुरला, झाकण लावलं आणि झाकणावर वरवंटा ठेवला. स्वतः दारात उभा राहिलो, म्हणजे पळायला बरं. पाच सेहेचाळीसला ज्वारीच्या आतून, दबलेल्या, लांबून आल्यासारख्या आवाजात आप्पा म्हणाले, "ऊठ गं. ताट घे."

वरवंटा पत्र्यावर थरथरत होता. चंदना पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. मी पायरीवरून थेट अंगणात आलो, कसा ते आठवत नाही. तिथं आई उभी होती.

"डब्यात का ठेवलास रं त्यांस्नी?" तिनं शांतपणे विचारलं.

त्या रात्री आम्ही दोघांनी ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या नाहीत.

एक गोष्ट मला जास्तच खात होती. शनिवारी पाच चव्वेचाळीस, मंगळवारी पाच सेहेचाळीस. साधा गजर असता तर रोज एकाच वेळी झाला असता. हा आवाज सूर्य बघून येत होता. मेलेल्या माणसाला सूर्यास्त अचूक कळतो आणि मला आपली बस कधी सुटते तेसुद्धा कळत नाही, या विचाराने मी आणखीच खचलो.

गुरुवारी बावीस हजारांचा, फर्म एकचा. इतकी मोठी कंपनी असलं काही खपवून घेणार नाही, अशी माझी समजूत होती. पाच सत्तेचाळीसला आप्पा बोलले. फरक एवढाच की या फोनमध्ये घसा खाकरणं जास्त स्वच्छ ऐकू आलं.

मी कागद काढला आणि तक्त्यात नवा रकाना पाडला: "मयताचा आवाज." खाली लिहिलं, येतो, येतो, येतो. मग आईपुढे बसलो आणि म्हणालो, "आई, फोन बदलून भागत नाही. आता घर बदलूया."

"कशाला?"

"आप्पा बोलतायत."

"त्ये तर रोजच बोलत्यात." तिनं कपाळावर आठी घातली. "तीन फोन आणलास, तिन्हींत बोलले. आता त्यांनी आणखी काय करायचं?"

आईनं फोन उचलला आणि बोटानं सरावानं काहीतरी उघडलं. पडद्यावर लांबच लांब यादी होती. तारीख आणि वेळ, तारीख आणि वेळ.

"हळद घेऊन त्ये सांगलीला गेले की परतायला अंधार व्हायचा," ती म्हणाली. "मी वाट बघत बसायची आन् दिवस बुडायचा. दोनदा गरगरून पडली, तुला ठाव हाय. मग त्यांनी गजराला आपला आवाज भरून ठेवला. दर रविवारी मंदिरातनं आले की चष्मा लावून बसायचे. कॅलेंडरातली सूर्यास्ताची वेळ बघायची, अर्धा तास वजा करायचा आन् एका बोटानं भरायचं. एकेक दिवस. त्या जुन्या फोनचा स्पीकर बसला, तवापासनं कानाला लावून ऐकती मी."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"तू इचारलंस कुठं? तू तक्ता करत हुतास."

मी यादी खाली सरकवत गेलो. जानेवारी संपला, फेब्रुवारी आला, आणि नऊ तारखेला यादी थांबली.

"सूर्य काय दरवर्षी येळ बदलतो व्हय, म्हणत पुढचं बी भरत हुते," आई म्हणाली. "नऊ फेब्रुवारीपर्यंत आले, तवा गेले." तिनं फोन पदरानं पुसला. "नऊ तारखेनंतर वाट बघायची न्हाई, एवढंच."

भुताला मी घाबरलो होतो, पण त्या वाक्याने जास्त घाबरलो. आप्पांचा आवाज आमच्या घरात आणखी पंचवीस दिवस होता.

फर्म एकचा फोन ठेवून घेतला. (छत्री गेली.) दर रविवारी मी मंदिरातून आलो की चष्मा लावून बसायला लागलो. सूर्यास्ताची वेळ, वजा अर्धा तास, आवाज आप्पांचा, तारीख दहा फेब्रुवारीपासून पुढे. अख्खं वर्ष भरलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या नोंदी एका महिन्यात कधी केल्या नव्हत्या. एकही खाडाखोड नाही. आईला सांगितलं, "आता काळजी नाही. आप्पा पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पक्के." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला रडू आलं, ते मी चष्मा पुसण्यात लपवलं.

दहा तारीख उजाडायची होती. बाहेर अंधार, सहा वाजून दोन मिनिटं. आणि बावीस हजारांच्या स्पीकरमधून आप्पा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऊठ गं. ताट घे. दिवस बुडाय लागलाय. माझी वाट बघू नको."

शेजारचे केरबाकाका पलटणीतून निवृत्त झालेले. ते काठी घेऊन अंगणात आले, आभाळाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मला विचारलं, "किती वेळ झोपलो मी?"

आमच्या रजिस्टरात सहा दोन म्हटलं की सहा दोन. सकाळ की संध्याकाळ, हे लिहायचा रकाना नसतो. मी वर्षभराच्या सगळ्या नोंदी पहाटेच्या केल्या होत्या, आणि त्या एकेक करूनच दुरुस्त कराव्या लागणार होत्या. ऑफिसच्या घाईत त्या दिवसाचीसुद्धा राहून गेली.

त्या दिवशी ऑफिस सुटायच्या आधीच, साडेपाचला मी निघालो. रिक्षा मिळाली नाही, चढ पळत चढलो. घरात शिरलो तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आई देवघरासमोर फोन मांडीवर घेऊन बसली होती. ताट वाढलेलं नव्हतं. ती नेहमीसारखी मान तिरकी करून ऐकत होती, पण फोन गप्प होता.

मी दारातच धापा टाकत म्हणालो, "ऊठ गं, आई. ताट घे. दिवस बुडाय लागलाय."

आईनं वळून बघितलं आणि म्हणाली, "आन् पुढचं?"

"पुढचं आप्पांचं. मी आलोय की."

"व्हय, घेतलं ताट," ती म्हणाली आणि उठली.

ती जेवत असताना चंदनानं माझा तक्ता काढला, पट्टी घेतली आणि खाली एक ओळ वाढवली. ती आईला मोठ्यानं वाचून दाखवत होती. फर्म क्रमांक चार, सम्मेद तवनाप्पा. दर, फुकट. आवाज, वडिलांसारखा. बॅटरी, चढ चढला की संपते. विश्वासार्हता, बारा तास पुढे. शेरा, दुकानदार बदलून देत नाही, म्हणून ठेवून घेतला.