पूजेला बसलेला बॅगपाइप

“नोव्हेंबरच्या परेडला मी पहिल्या रांगेत असणार, लिहून ठेव,” पद्माकरनं बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा बँडमध्ये त्याला उभं राहायलाही जागा मिळालेली नव्हती. हॉलच्या कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली होती, एवढंच.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी त्याच्या ऑफिसात त्याचं टेबल प्रत्येक प्रोजेक्टला बदलायचं. तो आठवडाभर गेला नसता, तर ते फक्त कॉम्प्युटरला कळलं असतं. मग एका मंगळवारी घराजवळच्या चर्चच्या हॉलमधून बॅगपाइपांचा आवाज आला आणि हा सरळ आत शिरला. शाळेत बासरी वाजवली होती, तेवढं भांडवल त्याला पुरेसं वाटलं. आत सगळे गोल करून वाजवत होते आणि त्या गोलात एक जागा मोकळी होती.

“ती रॉजरची,” कुणीतरी सांगितलं. “त्याचा गुडघा दुखतोय.”

एक माणूस आला नाही, तरी बाकीचे सरकून उभे राहिले नव्हते, त्याची जागा धरून ठेवली होती. पद्माकरला ते फार लागून राहिलं. परक्या देशात आपलीही जागा कुणी अशी धरून ठेवावी, असं त्याला मनापासून वाटलं.

बँडची प्रमुख होती मॉरग. मूळची स्कॉटलंडची, निवृत्त नर्स, बोलण्यात भारी काटकसरी. तिनं वर्षभर त्याला नुसती बोटांनी सूर काढायची खालची नळी वाजवायला लावली आणि मग बँडचा एक बॅगपाइप घरी दिला. त्याला खांद्यावर आणखी तीन नळ्या असतात, त्या तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून बसतात.

“वरच्या तीनपैकी दोन नळ्यांना बूच लाव,” मॉरग म्हणाली. “एकच उघडी ठेव. दम वाढला की बाकीच्या.”

पण पद्माकरला कसला धीर? त्यानं तिन्ही उघडल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. तिन्हींना पुरेल एवढा श्वास त्याच्यापाशी नव्हता, त्यामुळे सूर चढायचा, पडायचा, मध्येच रेकायचा. शेजारीण कौन्सिलला फोन करते म्हणाली, तेव्हापासून सराव सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये सुरू झाला. मॉरग दर मंगळवारी बूच लावायला सांगे आणि हा दर मंगळवारी मान डोलावून विसरे.

गोलात घ्यायचं की नाही याची परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. दसऱ्याला त्याच्या बायकोनं, सुप्रभानं, पाटावर लॅपटॉप, कारची किल्ली, पान्यांचा सेट मांडला आणि शेजारी बॅगपाइप भिंतीला टेकवून उभा केला.

“अगं, तो बँडचा आहे. त्याला काही लावू नकोस.”

“अहो, ज्याचं तुम्हाला एवढं टेन्शन, त्याचीच पूजा नको?” सुप्रभानं हळदीकुंकू वाहिलं. ओल्या अक्षता घेतल्या आणि थबकली. तीन नळ्या आ वासून वर बघत होत्या. एकीला देऊन दोघींना उपाशी ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं तिघींनाही चिमूट चिमूट घातल्या. “आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.”

सराव टळला म्हणून पद्माकर मनातून खूशच झाला.

मंगळवारी सगळ्यांबरोबर वाजवायला त्यानं फुंकर घातली आणि काय आश्चर्य, सूर सरळ निघाला. श्वास पुरून उरला, बोटं मोकळी झाली. अर्धी धून संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की खांद्यावरच्या तिन्ही नळ्यांत शुकशुकाट आहे. तरी तो थांबला नाही. शेवटी सगळे थांबले, त्याच क्षणी तोही थांबला. हे आजवर कधी झालं नव्हतं. रॉजरनं टाळी वाजवली.

“पुढच्या आठवड्यापासून गोलात,” मॉरग म्हणाली.

सगळे पाठीवर थाप मारून गेले. पद्माकरला मात्र आनंद पचेना. जागा मिळाली होती, पण मुक्या नळ्यांवर. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण दर मंगळवारी त्या जागेवर चोरासारखं उभं राहायचं का? तो परत फिरला.

“मॉरग, माझ्या वरच्या नळ्या वाजल्याच नाहीत.”

“ठाऊक आहे. मला कान आहेत.” तिनं एक नळी उपसून टेबलावर आपटली. आत फुगून अडकलेले पिवळे-लाल तांदूळ घरंगळले. “हे काय?”

त्यानं दसरा सांगितला, पूजा सांगितली, सुप्रभाचा समभाव सांगितला. मॉरगनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी इतके दिवस सांगत होते, ते तुझ्या बायकोनं एका चिमटीत केलं,” ती म्हणाली. “एक नळी उघडी ठेव, दोन बंद. तशी जागा तुझी. तिन्ही उघडल्यास तर कोपऱ्यातली खुर्ची आहेच.”

परेडला तो शेवटच्या रांगेत होता. उसन्या किल्टच्या चौकडी घागऱ्याखाली गुडघे गारठले होते, फुटपाथवर सुप्रभा कॅमेरा सरसावून उभी होती. पण डावीकडे रॉजर, उजवीकडे ड्रमवाला आणि मध्ये बरोबर पद्माकरएवढी जागा होती, आणि तिच्यात पद्माकर होता. मॉरग रांगा तपासत त्याच्यापाशी थांबली. उघड्या नळीवर कुंकवाचं ताजं बोट होतं.

“पुन्हा तांदूळ?”

“नाही. आज नुसतं कुंकू.”

“त्यानं आवाज बंद होतो?”

“नाही.”

“अरेरे,” मॉरग म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.