एकशे दहाचा मिक्सर

श्रीरंगने अमेरिकेहून आईसाठी मिक्सर आणला, आणि खोक्यातून काढताकाढताच कपाळावर हात मारला.

"आई, हा एकशे दहा व्होल्टवर चालतो. आपल्याकडे दोनशेतीस. लावला की जळेल."

अंजनीबाईंनी मोडून जुळलेलं मनगट पदराखाली घेतलं. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. या हातानं पाट्यावर पुरण वाटणं होणार नव्हतं.

"दोनशेतीस?" भाऊराव फिस्सकन हसले. "कुठं येऊन राहिली दोनशेतीस? मोजून पाह्य."

घर विजेच्या लायनीच्या पार टोकाला. बल्ब लागला की नाही ते बघायला काडी पेटवावी लागे. भाऊराव वर्षानुवर्षं अर्ज देत होते, वीज कचेरी वर्षानुवर्षं ढेकर देत होती. श्रीरंगने मीटर लावला. काटा एकशे दहावर येऊन थांबला.

"बाबा, ये तो पूरा अमेरिका है," श्रीरंग हळूच म्हणाला.

चपट्या पिना भोकात जाईनात. भाऊरावांनी प्लग कापला, तारा सोलून आत घातल्या, वरून काड्या खोचल्या. मिक्सर गुणगुणला. डाळीचं लोणी झालं. मोहल्ला बघायला आला, तो चपला बाहेर काढून. शेजारच्या राधाबाईंनी मिक्सरला कुंकू लावलं. त्या भरात अंजनीबाईंनी पाटा-वरवंटा त्यांना देऊन टाकला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळीच कचेरीला जाग आली. अर्धं पुरण झालं होतं, तोच वीज गेली. मिक्सरचं बटण चालूच राहिलं. कोपऱ्यावर नवा ट्रान्सफॉर्मर चढला. भाऊराव हार घेऊन धावले, साहेबांच्या गळ्यात घातला. साहेबांनी खटका ओढला.

घरात मिक्सर किंचाळला. झाकण उडालं, पुरण छताला गेलं, मागून काळा धूर. भाऊराव पोचले तेव्हा सगळे माना वर करून उभे होते. छताचं पुरण बघत नव्हते, बल्ब बघत होते. एवढा उजेड त्या स्वयंपाकघरानं जन्मात पाहिला नव्हता.

"अहो," अंजनीबाई म्हणाल्या, "तुमचा अर्ज मंजूर झाला."

सवाष्णी येऊन बसल्या होत्या. भाऊरावांनी राधाबाईंकडून पाटा उचलून आणला आणि धोतर खोचून स्वतःच वाटायला बसले. अंजनीबाई शेजारी पाटावर.

"इथं एक दाणा राह्यला. तो पाहा, तिकडंही."

"इतकी वर्षं कसे नाही दिसले तुले?"

"इतकी वर्षं वीज कुठं होती? वाटा."