पोसायडनवर पडलेल्या अक्षता

टप्!

सकाळच्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला आणि दिपाने डोळे न उघडताच ओळखलं, पोसायडनची दाढी पडली. कालपासून तिसऱ्यांदा!

पण त्यात काय एवढं! दिपा पेणची मुलगी. वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूमातीत लोळून मोठी झालेली. रियाच्या शाळेने ‘ग्रीक देवदेवता’ हा प्रकल्प दिला, तेव्हा बाकीच्या आया चार्टपेपर आणायला धावल्या. दिपा मात्र शाळेतल्या बाईंना ऐटीत म्हणाली, “मी मूर्तीच करून देते. अर्ध्या दिवसाचं काम!”

चार दिवस लागले. तेही नवऱ्याचा, म्हणजे परेशचा डबा आणि रियाचा अभ्यास यांच्या फटीत सापडतील तेवढे तास धरून. सायबर कॅफेतून काढून आणलेल्या चित्रात समुद्राचा हा देव चांगला पैलवान होता. दिपाच्या हाताला मात्र एकच वळण! पोसायडनला आपोआप पोट सुटलं, तो चौरंगावर मांडी घालून बसला आणि त्याचा उजवा हात आशीर्वादाला वर गेला. डाव्या हातात त्रिशूळ, हनुवटीला डिंकात भिजवलेला वातींचा कापूस आणि उंदराच्या जागी मासा.

“आई, हा खूप जेवतो?” रियाने विचारलं होतं.

“समुद्र सांभाळायचा तर जेवायला नको?”

रिया शाळेत तोंडच उघडायची नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. पण या ढेरपोट्या देवाबद्दल आज ती वर्गासमोर पाच वाक्यं बोलणार होती, स्वतःहून! देव मात्र शेजारी हवा, ही अट. साडेदहाच्या आत मूर्ती शाळेत पोचायलाच हवी होती.

नऊ वाजता दाढी पुन्हा चिकटवली. ओल्या डिंकावर धूळ बसू नये म्हणून दिपाने देवाच्या तोंडावर नवा रुमाल टाकला आणि रियाला घेऊन न्हाणीघरात शिरली.

तिथेच घात झाला! नव्या मूर्तीचं तोंड झाकलेलं म्हणजे पूजा व्हायची आहे, हे पनवेलमध्ये पाळण्यातलं पोरही सांगेल.

बाहेर येते तर घरभर उदबत्तीचा वास! शेजारच्या वसुंधराकाकू नाकावर चष्मा आणि हातात ताम्हन घेऊन उभ्या.

“सांगायचंस तरी गं! चौरंगावर देव आणि पूजेचा पत्ता नाही! परेश दाढी करतोय म्हटल्यावर मीच उरकली.”

“काकू, तो शाळेचा आहे!”

“कुणाचा का असेना. अक्षता पडल्या, आता विसर्जनापर्यंत जागचा हलवायचा नाही. दीड दिवस तरी.”

“दीड तास चालेल?”

तिने मोदकात सुकट भरली असावी, अशा नजरेने काकूंनी पाहिलं.

तेवढ्यात दारात मासळीची पाटी टेकली. उरणची भीमाबाई!

“आगो बाय, ह्यो तं दर्याचा देव हाय! मासा बग पायाशी!” तिने पिशवीतला नारळ काढून चौरंगावर ठेवला. “माजा सुदाम आज पयल्यांदा बोटीवर गेलाय. सांबाल रं बाबा त्याला.”

आता हिला प्रकल्प म्हणून सांगायचं कसं? दिपाने नुसतेच हात जोडले. मग हळूच विचारलं, “मावशी, याचं विसर्जन आत्ता केलं तर?”

“दर्याच्या देवाला पानी कवापन चालतं. मुहूर्त कसला त्यात?”

काकूंनी लगेच निरांजन पेटवायला घेतलं! दिपाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धातूच्या मूर्तीऐवजी सुपारी बुडवतात, तशी सुपारी बुडवायची. मूर्ती शाळेत, सगळे खूश! “परेश, बादली भरून ठेव!” असं ओरडत ती सुपारी शोधायला धावली. हळदीच्या डब्यात नाही, मसाल्याच्या नाही. सापडली ती चहाच्या डब्यामागे.

परत आली तोवर काकूंनी आरती सुरू केली होती. भरलेली बादली, समोर मूर्ती, दोन बायका टाळ्या वाजवतायत. परेशने दर वर्षी जे करतो तेच केलं.

“परेश!!”

“काय झालं? तीनदा बुडवूनच सोडला. अगदी व्यवस्थित!”

बुडबुड... बुडबुड... दाढी तेवढी वर आली.

सव्वादहा. रिया बादलीत डोकावली. दिपा तिच्या भोकाडाची वाट पाहत राहिली.

“बादलीच नेऊया,” रिया म्हणाली.

स्कूटीवर दिपाच्या पायांत बादली, मागे रिया, तिच्या हातात त्रिशूळ. दर गतिरोधकाला पोसायडन थोडा थोडा दिपाच्या सलवारीवर येत होता.

वर्गात बाईंनी विचारलं, “देव कुठाय?”

दिपा खिडकीबाहेर उभी, बोटं गजांत घट्ट.

“तो समुद्राचा आहे. पाण्यातच राहतो,” रिया म्हणाली. मग पाठ केलेली पाचही वाक्यं आणि वर न शिकवलेलं सहावं, “आज त्याला सुदामदादाकडे लक्ष द्यायचंय.” वर्ग ओरडला, “मोरया!” दिपाने ओढणीला नाक पुसलं, ओढणीलाही पोसायडन लागलेला होता.

संध्याकाळी उरलेली माती तुळशीत ओतताना रियाने विचारलं, “आई, बाप्पाला आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. बाई सांगत होत्या, ग्रीसमध्ये याची आता कुणीच पूजा करत नाही. याला याच्याच गावात कुणी का बोलवत नाही?”