बाटलीतला वरपक्ष

कुरुंदवाडच्या हिंदुराव जगदाळे आचाऱ्यांच्या स्वादुपिंडाचा मोठा वाटा मिरजेच्या डॉक्टरांनी काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात त्यांना बाटलीत भरलेला वरपक्ष दिला.

बाटली पांढरी, प्लास्टिकची, झाकण फिरवून उघडायची. आत मंडळी दाटीवाटीनं बसलेली. प्रत्येकाच्या अंगात निम्मा तपकिरी, निम्मा आरपार दिसणारा कोट. बाटली हलवली की खुळखुळ आवाज यायचा, म्हणजे लग्नाला नटूनथटून आलेल्या माणसांचा येतो तसाच. डॉक्टर मुजावरांनी ती टेबलावर ठेवली आणि स्थळाची माहिती सांगावी तशा चेहऱ्यानं सांगायला सुरुवात केली.

"आबा, गाठीबरोबर स्वादुपिंड बरंच गेलं. उरलेला तुकडा रक्तातली साखर बघतोय, जेवणाचं त्याला झेपणार नाही. पहिलं होतं ते घरचं माणूस. न बोलावता कामाला लागायचं. ही मंडळी बाहेरची. तूप, मटण, भाकरी, सगळं पचवतील. पण यांचा मान ठेवावा लागतो."

"मान कसला?"

"बोलावण्याचा. पहिल्या घासाला बोलवायचं. ताट मोठं असलं तर निम्मे आधी आणि निम्मे मध्यावर. गार पाण्याबरोबर न्यायचं, दातानं फोडायचं नाही. आणि जेवढ्या वेळा खाल तेवढ्या वेळा बोलवायचं."

आबा हसले. टाके ओढले गेले, तरी हसले. "डॉक्टरसाहेब, माझी हयात लग्नाच्या भट्टीपुढं गेली. रुसलेले व्याही, फुगलेल्या विहिणी, मांडवातनं उठून गेलेले मामे, सगळे बघून झाले. मला वरपक्ष सांभाळायला शिकवताय व्हय?"

"तुम्ही त्यांना भट्टीमागून बघितलंत," डॉक्टर म्हणाले. "यांना मांडवात येऊन भेटावं लागेल."

आबा निघाले तेव्हा डॉक्टरांनी एक अट घातली. आबांची नात ऋतुजा, तिचं लग्न माघात होतं, आणि लहानपणापासून तिचं एकच म्हणणं होतं, की माझ्या लग्नात बुंदी आबाच पाडणार. डॉक्टर म्हणाले, तोवर अंगावर मांस धरलं तर भट्टीपुढं उभं राहायला माझी हरकत नाही. नाही धरलं तर लग्नाच्या दिवशी तुम्ही दवाखान्यात, नळीनं जेवत असाल. आबांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. त्या मनगटानं मोठा झारा पेलायचा होता आणि आत्ता त्याला घड्याळसुद्धा जड होत होतं.

घरी आल्यावर बाटलीचा जानवसा फडताळात ठरला, वरच्या फळीवर, चुलीच्या धगीपासून लांब.

पहिली चूक आबांनी त्याच दिवशी केली, आणि ती आचाऱ्यालाच शोभणारी होती. मानाच्या माणसांना अर्धवट वाढलेल्या पानावर बसवत नाहीत, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी विचार केला, आपण आधी निवांत जेवून घेऊ, मग मोकळ्या मनानं पाहुण्यांकडे बघू. जेवले, हात धुतला, मग झाकण उघडून म्हणाले, "या मंडळी."

मंडळी आत गेली. पुढं खरकटं ताट बघितलं. हात न लावता सगळे मागच्या दारानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केलेला सगळा आहेर परत आला. तूप तर जसंच्या तसं, वर तरंगत. आबा संडासात बादल्यांवर बादल्या ओतत राहिले, पण रुसून परत केलेला आहेर सहजासहजी जात नसतो.

आबांनी बसून विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण विहिणीचे पाय धुतले नाहीत. एवढ्या मोठ्या चुकीवर कुणीही रुसेल. दुपारी त्यांनी वाटीत कढत पाणी घेतलं, त्यात चार जणांना उतरवलं आणि अदबीनं पाय धुवायला घेतले. चौघं तिथल्या तिथं विरघळली. बाटलीत उरलेली मंडळी दिवसभर सुतकात बसून राहिली.

"कुणी सांगितलं होतं ह्यास्नी न्हाऊ घालायला?" आबांच्या मंडळी हौसाबाई म्हणाल्या.

"न्हाऊ कुठं घातलं? नुसते पाय धुतले."

"त्यांस्नी पाय हाईत का, ते तरी बघायचं की आधी."

आबांनी पायजम्याची नाडी आवळली. नाडी आता कमरेभोवती दोनदा यायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी झाकण आतून वाजलं. आबांनी उघडलं तर वरपक्षातल्या आत्याबाई काठावर येऊन बसलेल्या. नवरदेवाची आत्या प्रत्येक वरपक्षात असते आणि बोलणी तीच करते. इथंही तसंच होतं. तूपतेलाचं खातं त्यांच्याकडे होतं, त्यामुळे रुसण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

"हिंदुराव, आम्ही काही मागितलं का तुमच्याकडे?"

"न्हाई."

"हुंडा?"

"न्हाई, आत्याबाई."

"कापडचोपड, पोशाख? आम्ही आमचे कोट घालून आलो. मागतोय काय, तर पहिल्या घासाला बोलावणं. जेवून हात धुतल्यावर माणसाला 'या' म्हणायचं, ही कुठली रीत?"

आबांनी कानाला हात लावला. त्या दिवसापासून ताट वाढलं, की हौसाबाई फडताळाकडे बघायच्या आणि आबा उठायचे. निम्म्या मंडळींना पहिल्या घासाबरोबर न्यायचं, निम्म्यांना भाताच्या वेळेला. आहेर परत यायचा थांबला. म्हणजे रोजचा थांबला. मधूनच एखाद्या दिवशी काही कारण नसताना पुन्हा तूप तरंगताना दिसायचं, पोटात ढोल वाजायचे, आणि आठवड्याला वजनाच्या काट्यावर उभं राहिलं की काटा जिथल्या तिथं. माघ जवळ येत चालला. ऋतुजानं मेंदीवाली ठरवली. आबा झारा उचलून बघायचे आणि परत ठेवायचे.

"मी एकही जेवण तुमच्याशिवाय केलं न्हाई," आबांनी एक दिवस फडताळापुढं उभं राहून तक्रार मांडली. "मग आहेर परत का येतोय?"

आत्याबाई काठावर आल्या. "आज सकाळपासून तुम्ही चार वेळा खाल्लंत."

"एकदाबी न्हाई."

"बासुंदी?"

"ती चव बघितली." मागल्या अंगणात एका बारशाची बासुंदी आटत होती. आबा नुसते खुर्चीत बसून पोरांना सांगत होते, आणि अधूनमधून पळी मागवत होते.

"चव कशी बघितलीत?"

"तळहातावर घेतली, जिभेला लावली."

"मग ती कुठं गेली?"

आबांनी जरा विचार केला. "आत."

"आत कोण होतं?"

"कोण न्हवतं."

"मी तेच म्हणतेय," आत्याबाई म्हणाल्या.

आबांना हे पटेना. त्यांनी तत्त्वाचा मुद्दा काढला. आचाऱ्याचं चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. तसं धरलं तर आजवरच्या सगळ्या एकादश्या मोडल्या म्हणायच्या. कपडे शिवणाऱ्यानं सदरा अंगाला लावून बघितला म्हणून त्यानं तो घातला, असं कुणी म्हणतं का? आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की सदरा परत मिळतो. बासुंदी परत मिळाली तर कशी मिळते, हे तुम्हाला उद्या सकाळी दिसेल.

तेवढ्यात चुलीपुढून हौसाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, मी बोलू का?"

"बोला की."

"ह्यांची चव बघणी मला जन्माची ठावं हाईत. पळीभर हितनं, मूठभर तितनं. दुपारी घरला आलं की म्हणायचं, प्वाट भरलंय. मी आपली ताट झाकून वाट बघत बसलेली. भाकरी वातड व्हायची, कालवणावर साय धरायची. मग एकटीनंच खायचं. एवढी लग्नं झाली, एका दुपारी माझ्यासंगं पाटावर बसल्यालं आठवत न्हाई."

आत्याबाईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे तुम्हालाही बोलावणं नाही?"

"मला कोण बोलावतंय," हौसाबाई म्हणाल्या. "मी घरचीच की."

स्वादुपिंडही घरचंच होतं, असं आबांच्या मनात आलं.

मग रीतसर बोलणी झाली. चमचाभर बासुंदी, भज्याचा तुकडा, कढीचा भुरका, हे सगळं जेवणात धरायचं, आणि प्रत्येक वेळी निदान एकाला तरी बोलावून न्यायचं. साखरेचा पाक, कोरा चहा आणि केळ्याची फोड, एवढं आत्याबाईंनी स्वतःहून माफ केलं. ती कामं आमच्याशिवाय उरकतात म्हणाल्या. आबांनी सदऱ्याच्या वरच्या खिशाला नवा जानवसा मानलं आणि आत्याबाई आणि निवडक मंडळींची छोटी डबी तिथं कायमची मुक्कामाला आली.

त्यानंतर आबा कमी चाखायला लागले. एकेका पळीला मानाचा माणूस उठवायचा म्हटल्यावर कुणीही विचार करतो. दुपारी त्यांना चक्क भूक लागायची. पाट मांडला जायचा, ते घाईघाईनं जेवायचे, आणि हौसाबाई वाढायच्या. काटा हलला. नाडी कमरेभोवती एकदाच यायला लागली. डॉक्टर मुजावरांनी आबांचं मनगट दाबून बघितलं आणि म्हणाले, "पाडा बुंदी."

लग्नाच्या दिवशी मांडवामागं भट्टी पेटली. आबांनी झारा उचलला, कढईवर धरला, आणि बुंदी पडायला लागली तेव्हा कुणाला दिसणार नाही अशा बेतानं डोळे पुसले. धुरावर ढकलता येतं, म्हणून आचाऱ्यांचं बरं असतं. पाक एकतारी झाला का ते बघितलं; त्याला बोलावणं लागत नव्हतं. लाडू वळून झाला. आता त्याची चव बघायची होती. आबांनी हात धुतले, डबी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "चला मंडळी, जेवायला चला."

"आमच्या आधी कुणाला बोलावणं गेलं?"

आबांनी मागं बघितलं. कवठ्याच्या छायाताई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, खरीखुरी विहीण, जरीच्या पदरानं वारा घेत उभ्या. जानवशावर बोलावणं यायला उशीर झाला म्हणून त्या स्वतःच बघायला आल्या होत्या, आणि अशा वेळी विहीण स्वतः बघायला आली, की पुढं काय होतं ते आबांना पाठ होतं. डबी मिटली तर लाडू परत येणार. नाही मिटली तर वरात परत जाणार.

आबांनी डबी पुढं धरली. "विहीणबाई, हाही वरपक्षच हाय. माझ्याकडचा."

छायाताईंनी वाकून बघितलं. आत्याबाई काठावर आल्या. दोघींनी एकमेकींचे पोशाख बघून घेतले.

"कुठले तुम्ही?" छायाताईंनी विचारलं.

"मिरजेहून आलो."

"आणि करता काय?"

"यांनी खाल्लेलं यांच्या अंगी लावतो."

"रोज?"

"प्रत्येक घासाला."

"मग आहेर काय घेता?"

"काही नाही. बोलावलं की येतो."

छायाताईंनी पदरानं वारा घ्यायचं थांबवलं. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासूनं पातळाच्या काठावरून मांडव डोक्यावर घेतला होता, ते त्यांना आठवलं असावं. मग त्यांनी भट्टीशेजारच्या तबकातल्या अक्षता चिमटीत घेतल्या आणि डबीवर टाकल्या.

"पहिला मान ह्यांचा," त्या म्हणाल्या. "आम्ही वाजतगाजत यायला अजून जरा वेळ लावतो." आणि जाता जाता हळूच, "आमच्या ह्यांना लई गॅस होतोय. चार जण पाठवता का?"

"तशी न्हाई यायची ती," आबा म्हणाले. "ज्याच्या घरचं माणूस गेलंय, त्याच्याकडंच जातात. आधी डॉक्टरांस्नी इचारा."

लाडू बरोबर झाला होता. वेलदोडा किंचित पुढं, ऋतुजाला आवडतो तसा. बोलावणं गेलं, ताशा वाजला, दोन्हीकडची पंगत बसून उठली, कुणी रुसलं नाही. भट्टी निवाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

हौसाबाई कोठीच्या खोलीत उरलेले द्रोण एकात एक घालत बसल्या होत्या. आबा दारात आले. झारा अजून हातातच होता, तो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला.

"हौसा, पानं मांडलीत. चल, जेवायला चल."

हौसाबाईंनी मागं वळून बघितलं, आणखी कोण आहे ते. कुणी नव्हतं.

"तुमचं चव बघून झालं असंल की."

"एक लाडू. तोबी एकाला घेऊन. मला भूक लागलीय."

त्या उठल्या, पदराला हात पुसले. मांडवात शेजारी शेजारी दोन पानं होती. आबांनी खिशातली डबी पानाशेजारी ठेवली आणि झाकणाला हात घातला, तर आतून आत्याबाईंचा आवाज आला.

"थांबा हिंदुराव. आधी त्यांना घेऊ दे."

हौसाबाईंनी वरणभाताचा घास केला, डबीकडे बघून मान हलवली आणि खाल्ला. मग आबांनी झाकण फिरवलं.