इंगळेकाकांचा उशिरा बोलणारा फोन

इंगळेकाका समोरच्याचं उत्तर ऐकत नाहीत, उत्तराआधी तो किती थांबला ते ऐकतात. ‘‘जेवले का?’’ या प्रश्नावर तुम्ही जरा अडखळलात, की तुमच्यापुढे ताट आलंच म्हणून समजा.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बडनेऱ्यात वधू-वर सूचक केंद्र काढलं. मी शेजारी कॉम्प्युटरचे क्लास घेतो, त्यामुळे वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यातली, असा त्यांचा समज. ती वर्षं वाईट होती. कापसानं सगळ्यांचीच कंबर मोडली होती आणि शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देईना. बाकीचे केंद्रवाले अशा मुलाचा फोटोसुद्धा ठेवून घेत नसत. काका त्यांची नावं फी न घेता नोंदवायचे आणि त्यांच्यासाठी दिवसभर फोन लावत बसायचे. शेवटी बिलापुढे हात टेकले आणि मला हाक मारली.

‘‘बावा, इंटरनेटवाला सस्ता फोन पाय. नंबर एकच पायजे, अमरावतीवाल्यायले बी अन् अकोल्यावाल्यायले बी.’’

कंपन्या त्यांनी स्थळं पाहावीत तशा पाहिल्या. ‘‘खानदान कसं हाय? याच्या पयले कोणाघरी दिला होता?’’ विक्रेता घामाघूम झाला. अखेर सगळ्यात स्वस्त सेवा पसंत पडली.

आणि काका दिवसेंदिवस उदास होत गेले. ‘‘काय झालं माईत नाई, पण साऱ्या जिल्ह्याच्या मनात काहीतरी हाय. ज्याले इचारा तो थांबून राहिला!’’

त्यातच वलगावच्या प्रशांतचं जुळत आलं होतं. मुलगा गुणी, पण शेतकरी. नकार ऐकून ऐकून त्यानं नवे कपडे शिवणंही सोडलं होतं. अकोल्याची एक नर्स मुलगी त्याला हो म्हणाली होती. फक्त तिच्या वडिलांचा शब्द बाकी होता. काकांनी फोनवर विचारलं आणि तेही ‘हो’ म्हणाले.

‘‘पण थांबले, बावा,’’ काका मला म्हणाले. ‘‘मनात नसन तं पोरगी कायले अडकवायची? प्रशांतले नाई सांगून टाकतो.’’

मला राहवेना. मी मोबाइल घेऊन समोरच्या ओट्यावर गेलो आणि त्यांच्या नव्या फोनला कॉल लावून बोलायला लागलो. काका फोन कानाला लावून खिडकीतून बघत होते. माझे ओठ आधी हलत होते, आवाज मागून पोचत होता. त्यांनी मला पुन्हा बोलायला लावलं, मग पुन्हा. नंतर कपाळाला हात लावला.

‘‘म्हंजे सारा जिल्हा सरळ होता, हे मशीनच भेकड निघालं!’’

त्याच दुपारी ते एसटीनं अकोल्याला गेले आणि मुलीच्या वडिलांना समोर बसवून विचारलं. ‘‘माहा सवाल पुरा बी होऊ देला नाई त्या मानसानं!’’ परतल्यावर हे सांगताना स्वतःचंच लग्न ठरल्यासारखे हसत होते. प्रशांतचं लग्न झालं. नव्या शर्टात तो छानच दिसला.

मग दुसरा फोन निवडला. प्रत्येक कंपनीच्या परीक्षेला मी ओट्यावर बसून ‘हो, हो’ म्हणायचो आणि येणारेजाणारे माझ्याकडे दयेनं बघायचे. थोडी महाग, पण हजरजबाबी सेवा मिळाली. नापसंत स्थळं ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवली, पण तो पहिला, उशिरा बोलणारा फोन मात्र काकांनी काढला नाही.

‘‘हा काहून ठेवला, काका?’’

काका फोनवरची धूळ पुसत राहिले. ‘‘याच्यावर पोरीसंग बोलतो. पुण्याले असते. तिचं मीच जमवलं होतं, पयलंच स्थळ माह्या हातचं.’’

‘‘पण याच्यावरच कशाला?’’

‘‘मी इचारतो, सुखात हायस ना माय? मंग ती थांबते. मंग हो बाबा म्हंते.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘‘दुसऱ्या फोनवर बी थांबे. याच्यावर मशीन थांबली असं समजता येते.’’

शेकडो घरांचं ‘हो’ पारखणारा हा माणूस, स्वतःच्या लेकीचं ‘हो’ पारखायला भीत होता.

‘‘मशीनच थांबते, काका,’’ मी म्हणालो. जराही न थांबता म्हणालो.